छातीवरचीं अक्षरें

माझी नात घरच्या घरीं सदऱ्यावर अक्षरें छापूं लागली, तेव्हां मीं प्रथम कपाळाला आठी घातली. मग या 'टी-शर्टा'चा इतिहास चाळला आणि माझें मत पालटलें.

हा सदरा मूळचा आंतून घालावयाचा; विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन आरमारानें तो खलाशांना दिला. १९४२ च्या जुलैंत 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर लष्करी शाळेचें नांव छापलेला सदरा घातलेला सैनिक झळकला. १९४८ सालीं ड्यूई यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारांत सदऱ्यावर घोषणा आली. ड्यूई हरले, सदरा मात्र टिकला.

छापण्याची युक्ति त्याहून जुनी. जपानांत कागद कोरून त्यांतून कापडावर नक्षी उठवीत. १९०७ सालीं मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनीं रेशमी जाळीच्या मुद्रणाचें पेटंट घेतलें. चौकटीवर तलम कापड ताणावयाचें, नको तो भाग लेपानें बुजवावयाचा आणि उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीनें रंग दाबावयाचा. खिळे नकोत, यंत्र नको.

याचें मोल आपण जाणावें. आपल्याच देशांत १९१० च्या कायद्यानें नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागितला जाई. आज छापण्याचें तेंच सामर्थ्य घरांतील मुलीच्या हातीं आहे. म्हणून मीं तिला अडविलें नाहीं, एवढेंच म्हटलें, "बाळ, जें छातीवर छापशील, तें चारचौघांत निभावतां आलें पाहिजे."