मुरूम, चिवट

विशी-पंचविशीनंतरही चेहऱ्यावर येत राहणाऱ्या किंवा बऱ्या होऊन पुन्हा उमटणाऱ्या तारुण्यपीटिका. हा केसांची मुळे व त्यांना जोडलेल्या तैलग्रंथी यांचा दीर्घकालीन दाहविकार आहे. तो अस्वच्छतेमुळे होतो हा समज निराधार असून दिवसातून चारचारदा साबणाने घासल्यास त्वचा अधिकच चिडते.

अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथींचा स्राव वाढतो, मृत पेशींनी रंध्राचे तोंड बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज हे जंतू फोफावतात आणि त्वचेला सूज येते. तरुण स्त्रियांत मुरूम बहुधा हनुवटी व जबड्याच्या कडेला असतात आणि पाळीच्या आधी वाढतात. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या बीजकोशांच्या संप्रेरक-विकाराची तपासणी करावी. कपाळावरच्या मुरुमांना कधी कधी डोक्याला चोपडलेले तेलही कारण असते.

सौम्य व मध्यम विकारात रात्री ॲडापलीनचे मलम आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हा उपचारांचा पाया होय. ॲडापलीन वाटाण्याएवढे घेऊन सबंध चेहऱ्यावर पातळ लावतात, फक्त फोडांवर नव्हे. त्याचे काम नवे फोड रोखण्याचे आहे. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते, क्वचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. याच काळात बहुतेकजण औषध सोडतात, आणि उपचार फसण्याचे हे मोठे कारण आहे. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पोटातून दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण तीन महिन्यांपुरतेच घ्यावे. प्रतिजैविक एकटे आणि लांबवून घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात.

गाठी व व्रण पडत असतील तर आयसोट्रेटिनोइन देतात. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध सर्वांत प्रभावी आहे. मात्र त्याने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून उपचारादरम्यान व नंतर किमान एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. यकृत व रक्तातील मेद यांच्या चाचण्याही कराव्या लागतात.

सावळ्या त्वचेवर फोड गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो. म्हणून मुरूम फोडणे, नखाने दाबणे टाळून सनस्क्रीन लावणे हितावह. डाग घालवण्यासाठी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली 'गोरेपणाची' मलमे ही आपल्याकडची खरी आपत्ती आहे. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली व केस येतात आणि मुरूम पूर्वीपेक्षा जोरात उसळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी वापर थांबलेला नाही. असे मलम बराच काळ वापरले असल्यास ते बंद केल्यावर काही आठवडे आग व लाली वाढते. त्या काळात पुन्हा तेच लावण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.