शब्दवेध : स्पॅनियल

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, तिथं लांब कानांचं एक कुत्रं पाणी दिसलं की उडी मारतं. मालक त्याला ‘पॅनेल’ म्हणतो. मूळ शब्द स्पॅनियल. जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ ‘स्पेनचा’. यातल्या पाणशिकारी जातींचं काम पडलेलं बदक तोंडात अलगद धरून आणायचं. मालकामागची ही धावाधाव पाहून इंग्रजीत स्पॅनियल म्हणजे लाळघोट्या झाला. शेक्सपिअरच्या एका नाटकात तर त्याचं क्रियापद असावं. १६२३ च्या छापील प्रतीत तिथं ‘पॅनेल्ड’ आहे, ‘स्पॅनियल्ड’ ही नंतरची दुरुस्ती. म्हणजे उंब्रजकर एकटा नाही! हल्ली नुसतं स्पॅनियल म्हटलं की बहुधा त्यातली कॉकर जातच समजतात. पाळलात, तर पोहून आल्यावर आधी त्याचे कान कोरडे करा. ओले राहिले की चिघळतात.