सौर फिल्टरची कुळकथा

दुर्बिणीतून सूर्य पाहताना त्याचा प्रकाश किती कमी करावा, हा प्रश्न दुर्बिणीइतकाच जुना आहे; तो कोणत्या जागी कमी करावा, याचे समाधानकारक उत्तर मात्र बरेच उशिरा मिळाले आणि छोट्या दुर्बिणीसाठी आज सुरक्षित मानला जाणारा सौर फिल्टर त्या उत्तरातूनच घडला.

गॅलिलिओने 1612 मध्ये सूर्यडागांची चित्रे काढली ती बेनेदेत्तो कास्तेल्ली या शिष्याने सुचवलेल्या प्रक्षेपणाने, म्हणजे नेत्रिकेतून (डोळ्याजवळच्या भिंगातून) बाहेर पडणारे सूर्यबिंब कागदावर पाडून. त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस्टोफ शायनर याने डोळा वाचवण्यासाठी रंगीत काचांचा आधार घेतला. पुढे मोठ्या दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी विल्यम हर्शेल निरनिराळ्या रंगांच्या काचा पारखत असता, काहींतून उजेड थोडा येऊनही उष्णता बरीच जाणवते, असे त्याच्या ध्यानात आले. या निरीक्षणाचा माग काढतानाच 1800 मध्ये त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा शोध लागला. काच काळी दिसते म्हणून ती सुरक्षित असते असे नाही, हे तेव्हापासून प्रयोगसिद्ध आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म किंवा रंगीत छायाचित्रांची निगेटिव्ह वापरू नये, असे सांगितले जाते त्यामागेही हेच कारण आहे. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असताना ती कळतही नाही.

काचेच्या जागेचा दोष याहून गंभीर होता. दहा सेंटिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाशी बसवलेले मुख्य भिंग, भर उन्हात सुमारे आठ वॅट ऊर्जा गोळा करते आणि नाभीय अंतर एक मीटर असल्यास ती सगळी जेमतेम नऊ मिलिमीटरच्या सूर्यबिंबात एकवटते. नेत्रिकेत बसवलेली काच नेमकी याच जागेच्या आसपास असल्याने ती तापून एकाएकी तडकू शकते आणि मग डोळा मागे घेण्याइतकाही अवधी उरत नाही. तरीही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत फिरवून बसवायच्या अशा गडद काचा दीर्घकाळ विकल्या गेल्या.

या अडचणीवरचा मूलगामी उपाय लेओं फूको याने 1866 मध्ये पॅरिसमध्ये मांडला. वस्तुभिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच चांदीचा अतिशय पातळ थर चढवल्यास बहुतेक प्रकाश आणि उष्णता नळीत शिरण्यापूर्वीच परावर्तित होऊन परत जातात, ही त्याची कल्पना होती. तिची उणीव एवढीच, की असे भिंग सूर्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरता येत नसे. तसाच धातूचा थर सुट्या काचेवर आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पातळ प्लॅस्टिक फिल्मवर देता येऊ लागला, तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावर झाकणासारखा बसणारा आजचा फिल्टर तयार झाला.

फिल्टरच्या दुसऱ्या घराण्याच्या इतिहासाचा काही भाग भारतात घडला. संपूर्ण प्रकाश क्षीण करण्याऐवजी त्यातील एकच तरंगलांबी वेगळी काढण्याचे काम 1899 मध्ये स्थापन झालेल्या कोडाईकनाल वेधशाळेत वर्णपटाच्या साहाय्याने होऊ लागले आणि कॅल्शियमच्या प्रकाशातील सूर्याची छायाचित्रे तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून घेतली गेली. आज या वेधशाळेचा कारभार बंगळूरच्या कोरमंगला भागातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे आणि जुन्या छायापट्टांचे अंकीय रूपांतर त्याच संस्थेने केले आहे. हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवणारी आजची हौशी उपकरणे एकच तरंगलांबी वेगळी काढण्याच्या याच विचाराची वारस आहेत. मात्र रात्रीच्या तेजोमेघांसाठी मिळणारे हायड्रोजन फिल्टर सूर्यासाठी मुळीच चालत नाहीत.

सौर फिल्टरची गरज ग्रहण पाहतानाही पडते. 26 डिसेंबर 2019 रोजी कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा मंगळूर आणि कोइमतूर भागातून गेला आणि बंगळूरला खंडग्रास ग्रहण दिसले. अशा वेळी उघडा राहिलेला सूर्याचा अंशही डोळ्यांना तितकाच घातक असतो, त्यामुळे फिल्टरची निवड काटेकोरपणे करावी लागते. डोळ्याने पाहण्यासाठी प्रकाशीय घनता, म्हणजे प्रकाश रोखण्याच्या क्षमतेचे माप, 5 असावी लागते. अशा फिल्टरमधून प्रकाशाचा एक लक्षांश भागच आत येतो. घनता 3.8 असलेली फिल्म याच्या सुमारे सोळापट प्रकाश आत सोडते आणि ती केवळ छायाचित्रणासाठी असते. ग्रहणाच्या चष्म्यांसाठी असलेले आयएसओ 12312-2 हे मानक उघड्या डोळ्यांपुरते आहे; तो चष्मा घालून दुर्बिणीत पाहिल्यास एकवटलेली उष्णता चष्म्याची फिल्म जाळून डोळ्यापर्यंत पोहोचू शकते.

फिल्टर वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवणे, फिल्मवर ओरखडा किंवा छिद्र नाही हे दर वेळी दिव्यासमोर धरून तपासणे आणि मुख्य दुर्बिणीला जोडलेली छोटी शोधक दुर्बीणही झाकणे, ही कामे निवडीइतकीच आवश्यक आहेत. फिल्म ताणून मात्र बसवू नये, कारण सैल फिल्मवरच्या सुरकुत्यांनी प्रतिमा फारशी बिघडत नाही, ताणाने मात्र बिघडते. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली सूट ही अतिनील दुर्बीण आहे आणि तिच्याही प्रवेशद्वाराशीच सूर्याची बहुतांश ऊर्जा अडवणारा औष्णिक फिल्टर बसवलेला आहे. नळीच्या तोंडाशीच ऊन अडवण्याचा फूकोचा नियम अंतराळातील दुर्बिणीलाही सुटलेला नाही.