टेम्पोवर नाव कंपनीचे, हप्ता मात्र चालकाचा

मालवाहू टेम्पोच्या दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव ठळक अक्षरांत असते. आरसी बुकात मात्र नाव चालकाचे असते. कर्जाचा हप्ता, डिझेल, विमा, टायर, वाहतूक पोलिसांचा दंड, सगळे त्याच्याच माथी. आम्ही वस्तीत अभ्यासवर्ग घेतो, तिथे असे टेम्पो चालवणारी पोरे येतात. त्यांच्यातल्या एकाने मागे विचारले, "दादा, गाडी माझी आहे तर तिच्यावर त्यांचं नाव का? आणि नाव त्यांचं आहे तर मला पीएफ का नाही?"

वर्गात सगळे हसले. पण हे दोन्ही प्रश्न जगभरच्या न्यायालयांत कित्येक दशके लढले गेले आहेत. तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे. करारपत्रावर सही करताना कंपनीकडे वकील असतो, आपल्याकडे फक्त गरज असते.

गाडीवर नाव लिहिण्याची सक्ती मुळात जाहिरातीसाठी आलेली नाही. अमेरिकेत 1935 साली मोटार कॅरियर कायदा झाला आणि मालवाहतुकीला परवाना लागू झाला. परवाना बड्या कंपन्यांकडे होता, ट्रक मात्र हजारो छोट्या चालक-मालकांकडे होते. कंपन्या हे ट्रक चालकासकट भाड्याने घेऊ लागल्या. त्यामुळे नफा कंपनीकडे आणि अपघाताची जबाबदारी चालकाकडे, असा प्रकार सुरू झाला. चालक कफल्लक, त्यामुळे ट्रकखाली सापडलेल्या माणसाला भरपाई मिळायची नाही. तेव्हाच्या नियामक आयोगाने भाडेकरारांवर नियम आणले. वाहतूक कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1953 साली हरल्या. 1956 साली अमेरिकी संसदेने कायद्यातच दुरुस्ती करून आयोगाचे हात बळकट केले. तत्त्व असे ठरले की भाड्याने घेतलेल्या ट्रकचा ताबा आणि जबाबदारी, दोन्ही परवानाधारक कंपनीचे. आजही तिथे आंतरराज्य मालवाहू गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव आणि नोंदणी क्रमांक लावावा लागतो आणि तो दिवसा 50 फुटांवरून वाचता आला पाहिजे.

पुढे काही न्यायालये यापलीकडे गेली. करार संपला तरी ट्रकवर कंपनीची पाटी असेल तर अपघाताला कंपनीच जबाबदार, असे निकाल त्यांनी दिले. म्हणजे रस्त्यावरच्या माणसासाठी नाव हाच पुरावा ठरला.

मग चालकासाठी का नाही? मेख इथेच आहे. 1992 साली त्याच नियमांत एक वाक्य घालण्यात आले. ताब्याच्या या तरतुदीवरून चालक नोकर आहे की स्वतंत्र कंत्राटदार हे ठरत नाही, असा त्याचा आशय. एकच नाव, एकच पाटी. ती परक्याला भरपाई मिळवून देते आणि आत स्टिअरिंगवर बसलेल्याला काहीच देत नाही.

आता ब्रिटनकडे पाहू. तिथे 'रेडी मिक्स्ड काँक्रीट' या कंपनीने आपल्या काही चालकांना 'चालक-मालक' केले. काँक्रीटचा ट्रक चालकाने हप्त्यावर घ्यायचा आणि कर्ज कंपनीच्याच जोडसंस्थेचे. ट्रकला रंग कंपनीचा. चालकाच्या अंगावर गणवेश कंपनीचा. दुरुस्ती चालकाच्या खर्चाने. दुसऱ्या कोणाचे भाडे मारायचे नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याचे वाजवी हुकूम तर अगदी नोकर असल्यासारखे पाळायचे, हेही करारात लिहिलेले. प्रश्न एवढाच होता की या माणसाच्या राष्ट्रीय विम्याची वर्गणी कंपनीने भरायची की नाही. डिसेंबर 1967 मध्ये न्यायमूर्ती मॅकेना यांनी निकाल दिला की तो नोकर नाही, छोटा व्यावसायिक आहे. कारण गाडी त्याची, देखभाल त्याची आणि तो स्वतःऐवजी दुसरा चालक पाठवू शकतो. रंग, गणवेश आणि हुकूम एका पारड्यात होते, मालकीचा कागद दुसऱ्या पारड्यात. कागद जड ठरला. हा निकाल आजही जगभर दाखला म्हणून दिला जातो.

अमेरिकेत फेडेक्स ग्राउंड या पार्सल कंपनीने हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबवली. व्हॅन चालकाची. पण तिचा रंग पांढरा आणि तोही कंपनीने ठरवलेल्या छटेचा. कंपनीचे बोधचिन्ह सरकारी नियमाला लागते त्याहून मोठे. व्हॅनच्या आतली फळी किती मापाची आणि कशाची असावी, हेसुद्धा कंपनी ठरवणार. फावल्या वेळात त्या व्हॅनने स्वतःचे काम करायचे असेल तर आधी कंपनीचे नाव झाकायचे किंवा काढायचे. आता सांगा, मालक कोण?

2009 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अशाच चालकांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवले आणि कंपनी जिंकली. पण ऑगस्ट 2014 मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या सुमारे 2,300 चालकांचा निकाल दिला आणि त्यांना कंपनीचे नोकर ठरवले. न्यायाधीशांपैकी एकाने अब्राहम लिंकनच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट निकालात आणली. कुत्र्याच्या शेपटीला पाय म्हटले तर कुत्र्याला किती पाय? चारच. म्हटल्याने शेपटीचा पाय होत नाही. तसे करारात 'स्वतंत्र' लिहिल्याने माणूस स्वतंत्र होत नाही. 2015 साली कंपनीने या चालकांशी 22 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली. 2016 साली आणखी 20 राज्यांतल्या चालकांसाठी 24 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले.

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. कंपनीने चालकांना नोकरीत घेतले नाही. मध्ये छोटे कंत्राटदार आणले आणि चालक त्या कंत्राटदारांचे नोकर झाले. व्हॅनवरचे नाव मात्र तेच राहिले.

आता कोणी म्हणेल, फेडेक्सचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? संबंध आहे. मालक म्हणायचे आणि राबवून घ्यायचे, ही युक्ती आपल्या पूर्वजांनी भोगलेली आहे. महाराला 'वतनदार' म्हणत. शब्द केवढा भारदस्त! प्रत्यक्षात तो सरकारचा चोवीस तासांचा हरकाम्या होता. सारा वसुलीच्या वेळी रयतेला बोलावणे, सरकारी कागद गावोगाव पोहोचवणे, अधिकाऱ्याच्या तैनातीत राहणे, सगळे त्याच्याकडे. वेसकराच्या हातातली घुंगराची काठी ही त्याची खूण. काम सरकारचे, पण पगार सरकार देत नसे. इनामाचा जमिनीचा तुकडा आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते, एवढाच मोबदला. 1874 च्या वतन कायद्याने ही रचना कागदोपत्री पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांची मागणी साधी होती. कामे निश्चित करा, मोबदला निश्चित करा आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला सोडू द्या. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडले.

आम्ही दोन्ही गोष्टी सारख्या मानत नाही. महारकी जन्माने चिकटत होती, टेम्पोचा करार जन्माने चिकटत नाही. जातीच्या गुलामीची बरोबरी कोणत्याही स्टिकरशी होऊ शकत नाही. पण जबाबदारी झटकण्याची रीत तीच आहे. खूण वरच्याची, काम वरच्याचे आणि पोटाची जबाबदारी ज्याची त्याची. हप्ता थकला की बँक गाडी ओढून नेते, म्हणून पोरगा करार सोडू शकत नाही. बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हेच बजावले होते. पोटासाठी अगतिक झालेल्या माणसाला मूलभूत हक्क पुरत नाहीत आणि राज्याने हात काढून घेतले की उरते ती खासगी मालकाची हुकूमत.

आपल्या न्यायालयांकडे याचे उत्तर नाही असे नाही. ब्रिटनच्या त्या निकालाच्या अकरा वर्षे आधी, 1956 साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या आगरियांना कामगार ठरवले. ते कुटुंबासह राबत आणि हाताखाली माणसेही लावत. तरी ते कामगारच, कारण कामावर देखरेख आणि नियंत्रण कंपनीचे होते. 1978 साली हुसैनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की मध्ये कंत्राटदार असला तरी पडदा बाजूला सारून खरा मालक शोधा. उलट 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा अशी केली. म्हणजे न्यायालयाने तपासायचा प्रश्न कायद्याने आधीच एका बाजूला कलता केला.

नुसत्या स्टिकरने खटला जिंकता येत नाही, हेही लक्षात ठेवा. फेडेक्सच्या निकालात नाव हा अनेक पुराव्यांपैकी एक होता. ज्याच्या तीन गाड्या आहेत, जो चार कंपन्यांचे भाडे मारतो आणि दर स्वतः ठरवतो, तो खरेच व्यावसायिक असू शकतो. त्याला जबरदस्तीने नोकर ठरवण्याचा आमचा आग्रह नाही. पण ज्याची वेळ, दर, मार्ग आणि दंड दुसरा ठरवतो त्याला 'पार्टनर' म्हणणे ही फसवणूक आहे.

म्हणून टेम्पो चालवणाऱ्या भावांना आमचे सांगणे आहे. कराराची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. गाडीवर नाव लावल्याच्या दिवशी फोटो काढा. स्टिकरचे पैसे कोणी दिले, ते काढले तर दंड किती, दुसरे भाडे मारायला मनाई आहे का, हे लिहून ठेवा. कामाच्या सूचना आणि कापलेल्या पैशांचे मेसेज पुसू नका. आणि एकटे भांडू नका. कॅलिफोर्नियाचे चालक जिंकले ते 2,300 जण एकाच दाव्यात एकत्र होते म्हणून.

त्या पोराला आम्ही काय उत्तर दिले? नाव त्यांचे आहे कारण गिऱ्हाइकाचा विश्वास त्यांना हवा आहे. पीएफ नाही कारण तुझी जबाबदारी त्यांना नको आहे. त्यांना दोन्हींपैकी एकच का घेऊ दिले जाते, हा प्रश्न आता तू विचारायचा आहेस, आणि एकट्याने नाही.

जय भीम!