गेदलोंचा नवा जुना किल्ला

दिवाळीच्या सुटीत आपली मुले क्वार्टरच्या अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात. फ्रान्समध्ये हाच उद्योग जाणती माणसे १९९७ पासून करीत आहेत. किल्ला मात्र खराखुरा, चिरेबंदी. गतवर्षी चिरंजीवांकडे पॅरिसला गेलो असता आम्ही उभयता तो मुद्दाम पाहून आलो.

बरगंडीत त्रेन्यी गावाजवळच्या ओकच्या रानात, एका जुन्या खाणीत, गेदलोंचे हे काम चालले आहे. मिशेल गियो व मेरिलीन मार्तँ यांनी ते आरंभिले. तेराव्या शतकास ठाऊक नसलेली रीत वापरावयाची नाही, असा नेम आहे. (सुरक्षेच्या कायद्यापुढे मध्ययुगालाही नमावे लागते, पाथरवटांच्या पायांत आजचे भक्कम बूट होते!) खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघतो.

दगड, लाकूड, माती तेथल्या तेथेच मिळते. पाथरवट खडकाची शीर पाहून ओळीने पाचरी ठोकतो. छिन्नीला धार व पाणी लोहार जागेवरच देतो. काटकोन साधण्यास तेरा गाठींची दोरी असते. बारा समान अंतरांचा तीन-चार-पाच असा त्रिकोण ताणला की कोपरा बिनचूक येतो. जड चिरे वर चढतात ते प्रचंड लाकडी चाकाने. चाकाच्या पोटात माणूस चालत राहतो आणि दोर गुंडाळला जातो. आम्ही अर्धा तास तेथेच खिळून होतो. सौभाग्यवती कंटाळून लोहाराकडे गेल्या.

चुना कालविणे चालले होते, तेथे आम्हांस आमचीच एक फाइल आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी एका जुन्या तटाच्या दरजा सिमेंटने भरण्याच्या अंदाजपत्रकावर आम्ही सही केली होती. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तसेच झाले. तटाखाली चुन्याची घाणी होती, तिचे दगडी चाकही शाबूत होते. चुना किती दिवस मुरवावा हे जाणणारा माणूस मात्र कोणी शोधला नाही. आम्हीही नाही.

२०१९ च्या आगीत पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे मध्ययुगीन लाकडी छप्पर जळाले. ओकच्या तुळया कुऱ्हाडीने तासून ते पुन्हा उभारणाऱ्यांत गेदलोंला हात बसलेले सुतार होते. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

निघताना एका गवंड्यास आम्ही विचारले, हा चुना पक्का होण्यास किती दिवस लागतात? चिरंजीव दुभाष्या झाले. एवढ्या जाड भिंतीत आतपर्यंत पक्का होण्यास वर्षे लागतात, असे उत्तर आले. आणि तो थापी घेऊन पुढल्या दगडाकडे वळला.