दल्ली-राजहरा ते शिवनाथ

भिलाई पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारी दल्ली-राजहराची खाण आज छत्तीसगढच्या बालोद जिल्ह्यात येते. 1977 साली तिथल्या ठेकेदारी मजुरांनी बोनसचा करार धुडकावला. कारखान्याच्या कायम कामगाराला 308 रुपये आणि त्याच डोंगरात खनिज फोडणाऱ्या ठेक्याच्या मजुराला 70, असे जुन्या युनियनांनी परस्पर ठरवून टाकले होते. मजूर लाल मैदानात जाऊन बसले आणि पुढारी शोधायला माणसे दानीटोलाच्या खाणीकडे धाडली. तिथे शंकर गुहा नियोगी होते. भिलाईच्या कोक ओव्हनमधून दहा वर्षांपूर्वी काढून टाकलेला आणि आणीबाणीतल्या तुरुंगवासातून नुकताच सुटलेला हा माणूस. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ असा उभा राहिला.

संघाच्या सुरुवातीच्या मागण्यांतली एक अगदी साधी होती. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीचे 100 रुपये. त्यावरून नियोगींना रात्रीत अटक झाली, लोकांनी पोलिसांना घेरले, आणि 2 व 3 जून 1977 ला गोळीबारात 11 जण मेले. त्यांत अनुसूयाबाई होत्या, एक पोरही होते. संघटनेने पुढे दरवर्षी हा शहीद दिवस पाळला.

खरी कसोटी लागली ती यंत्रांनी. कारखान्याचा विस्तार ठरला होता आणि व्यवस्थापनाला खाणीत पूर्ण यंत्रीकरण हवे होते. त्याचा अर्थ काय, हे मजुरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बस्तरमधल्या बैलाडिला खाणीत यंत्रे आली, हजारो ठेका मजूर बेकार झाले आणि एप्रिल 1978 मध्ये किरंदुलला गोळ्या चालल्या. अशा वेळी युनियनने ‘यंत्र हटाव’ म्हणून बसकण मारली असती, तर नवल नव्हते. श्रमिक संघाने मात्र कागद-पेन्सिल घेतली. हाताने काढलेले खनिज टनामागे कितीला पडते, यंत्राचे कितीला पडेल, परकीय चलन किती लागेल, मजुरी थांबली तर राजहराच्या बाजाराचे काय होईल, असा हिशेब मांडून संघाने अर्धयंत्रीकरणाचा स्वतःचा आराखडा पुढे केला. जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथे यंत्र, बाकी काम माणसाचे. पूर्ण यंत्रीकरण कित्येक वर्षे लांबले. मला या संघटनेच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. विरोध करणाऱ्याने आधी विरोधकाची खातेवही वाचायची, ही शिस्त आपल्याकडच्या आंदोलनांत फार क्वचित दिसते.

1979 मध्ये खाणीबाहेरच्या शेतकरी-आदिवासींना जोडून घ्यायला छत्तीसगढ मुक्ती मोर्चा निघाला. झेंडा लाल-हिरवा, कामगारांचा आणि शेतकऱ्यांचा. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या सोनाखानच्या वीर नारायण सिंहांचा स्मृतिदिन 19 डिसेंबरला पाळायची प्रथा मोर्चाने घातली. शाळा आणि दारूबंदी ही कामे आलीच. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांच्या हेळसांडीने गेल्या आणि मजुरांनी स्वतःचे रुग्णालय बांधायचे ठरवले. शहीद दवाखाना 26 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्याच्या आठच दिवस आधी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप पुकारला गेला होता. गिरणगावाचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. इकडे 3 जून 1983 ला मजुरांच्या वर्गणीतून, त्यांनीच विटा वाहून बांधलेल्या रुग्णालयाचे दार उघडले.

1990 मध्ये मोर्चा भिलाईच्या खासगी कारखान्यांत उतरला. मुख्य मागण्या तीन होत्या: नोकरी कायम करा, जगण्यापुरता पगार द्या, युनियन करू द्या. हजारोंना कामावरून काढले गेले. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे हुडको वसाहतीतल्या घरात झोपलेल्या नियोगींना खिडकीतून गोळ्या घातल्या. खालच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात शिक्षा टिकली ती फक्त गोळी झाडणाऱ्याची. मधल्या काळात, 1 जुलै 1992 ला भिलाईच्या पॉवरहाउस रेल्वे स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन 16 जण गेले होते. त्यानंतर मोर्चात फुटी पडत गेल्या.

आता त्याच मुलखातल्या दुसऱ्या लढ्याची, नदीची गोष्ट. दुर्गजवळच्या शिवनाथ नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा 1998 मध्ये मध्य प्रदेशच्या औद्योगिक निगमाने रेडियस वॉटर या कंपनीच्या हवाली केला, 22 वर्षांसाठी. बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवायचे हे निमित्त. निगमाची मालमत्ता नाममात्र एक रुपयाच्या भाड्याने कंपनीकडे गेली. शिवाय गरज असो-नसो, दररोज 40 लाख लिटर पाण्याचे पैसे निगम मोजणार, अशी हमी! काठच्या गावांना बंधाऱ्याजवळ मासेमारी आणि आंघोळ बंद झाली तेव्हा नदी विकल्याचे कळले. नदी घाटी मोर्चा आणि इतर संघटना रस्त्यावर आल्या, देशभर बोभाटा झाला, अगदी पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध लढणाऱ्या परदेशी गटांपर्यंत.

पण खाणीतल्या मजुराच्या हातात जे होते ते नदीवर जगणाऱ्या केवट-ढीमर कोळ्यांच्या हातात नव्हते. दल्लीत काम थांबले की भिलाईची भट्टी अडते. नदीकाठच्या मोहलई गावच्या कोळ्याने जाळे टाकले नाही तर कुणाचेच अडत नाही. त्यामुळे इथली लढाई कराराच्या कलमांवर आणि विधानसभेच्या दारात लढावी लागली. 2003 मध्ये नव्या छत्तीसगढ राज्याचे मुख्यमंत्री अजित जोगींनी करार रद्द करण्याची घोषणा केली, अंमल झाला नाही. मार्च 2007 मध्ये लोकलेखा समितीने हा करार एका आठवड्यात रद्द करून जबाबदार लोकांवर गुन्हे नोंदवावेत, अशी शिफारस केली. आठवडा उलटला, वर्षे उलटली, कंपनीचे पाणी बोरईला जातच राहिले.