हंटिंग्टन, मराकाइबो आणि एक न विचारलेला प्रश्न

समजा, आईचा आजार तुम्हाला होण्याची शक्यता बरोबर अर्धी आहे आणि एक रक्ततपासणी त्याचं उत्तर आजच देऊ शकते. कराल ती? प्रश्न बाजूला ठेवा, आधी थोडा इतिहास.

1872 साली जॉर्ज हंटिंग्टन या 22 वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने एक निबंध छापला. लाँग आयलंडवरच्या काही घराण्यांत हातापायांच्या अनावर हालचाली, पुढे बुद्धिभ्रंश आणि मृत्यू, असं पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं. वडील आणि आजोबा तिथलेच डॉक्टर, त्यामुळे तिघांची निरीक्षणं त्याच्या हाताशी होती. त्याने लिहिलं की एका पिढीत आजार चुकला की धागा तुटतो, पुढच्यांना तो होत नाही. मेंडेलला तेव्हा कुणी विचारत नव्हतं, तरी इतकं नेमकं! मला याचं आजही आश्चर्य वाटतं.

जवळपास शंभर वर्षांनी, 1968 मध्ये, लिओनोर वेक्सलर यांना हाच आजार असल्याचं कळलं. त्यांची मुलगी नॅन्सी 1979 पासून व्हेनेझुएलातल्या मराकाइबो तलावाकाठच्या गावांत जाऊ लागली. तिथे हा आजार घरोघरी होता. वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. 1983 मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर जनुकाची खूण सापडली. जनुक मात्र हाती लागायला आणखी दहा वर्षं गेली! त्यात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली, की आजार बहुधा अटळच.

मग सगळं जनुकातच ठरलं म्हणायचं? नाही ना. सारख्याच पुनरावृत्ती असलेल्या दोघांत लक्षणं सुरू होण्यात वर्षानुवर्षांचा फरक पडतो. वडिलांकडून आलेली पुनरावृत्ती पुढच्या पिढीत जास्त वाढू शकते. शिवाय ती आयुष्यभर मेंदूच्या काही पेशींतही वाढत जाते, आणि ती किती वेगाने वाढेल यात डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा हात असतो. सध्याच्या औषधसंशोधनातला एक मोठा धागा इथूनच निघतो.

नॅन्सी वेक्सलर यांना ‘तुम्ही चाचणी केली का?’ हे कायम विचारलं जाई. 2020 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं, की आपल्यालाही हंटिंग्टन आहे. तोवर त्यांच्याच कामातून निघालेल्या चाचणीने कितीतरी लोकांना आपलं उत्तर कळलं होतं.